आठ वाजताचं रीडिंग

माणसं पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. मशिनवरून उतरलेला माल मोजायचा आणि ऑपरेटरनं मोजून लिहिलेला कागद खरा आहे का, तेही बघायचं. दर तासाला पाच नग उचलून मोजायचे आणि तक्त्यात आकडे भरायचे, असा नियम आहे. काही ऑपरेटर काय करतात, तर सकाळी एकदाच मोजतात आणि बाकी दिवसभराचे आकडे जेवणाच्या सुट्टीत बसून मनानं भरतात. मला ते लांबून ओळखू येतं. खरे आकडे थोडे वरखाली होतात, खोटे आकडे शहाण्यासारखे एका रांगेत बसतात. असा कागद हातात आला की मी पेन काढून त्यावर गोल करतो आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारतो, "हे मोजलंस, का मनानं लिहिलंस?" बावीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो. विचारताना मला मजा यायची, हेही इथंच सांगून टाकतो.

आता माझ्या सासूबाईंबद्दल. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी त्यांना मामी म्हणतो. त्या दौंड तालुक्यात खुटबावला राहतात, मुलाकडं, म्हणजे माझ्या मेव्हण्याकडं. सासरे रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण माझ्यासमोर मामींचा डोक्यावरचा पदर कधी घसरलेला मी पाहिला नव्हता. मी दारात दिसलो की त्या बाजेवरून उठून उभ्या राहायच्या. बोलणं ठरलेलं. "कवा आला?" "चा घेतला का?" "समदं बरं हाय न्हवं?" एवढं झालं की त्या आत जायच्या आणि पुढचं सगळं माझ्या बायकोच्या तोंडून चालायचं. सासू-जावयाचं असंच असतं, त्यात मला कधी काही खटकलं नाही. उलट मान मिळतो म्हणून मी सुखावायचो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. हळद-तूप, कुळथाचं पाणी, सगळं झालं. शेवटी दौंडला सोनोग्राफी केली तेव्हा किडनीत सुपारीएवढा दगड निघाला. जानेवारीत तिथंच ऑपरेशन झालं. पाठीतून दुर्बीण घालून दगड फोडून काढला आणि आत एक बारीक नळी ठेवली. ती तीन आठवड्यांनी काढायची होती. ऑपरेशनच्या आधी लघवी तपासली होती, तो रिपोर्ट स्वच्छ होता. तो कागद मीच वाचून सगळ्यांना समजावून सांगितला होता. घरात कुठलाही छापील कागद आला की तो माझ्या हातात द्यायचा, अशी पद्धतच पडली होती आणि ती मीच पाडली होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी सूचना दिल्या त्याही मला उद्देशूनच. थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली, माणूस सुस्त वाटला तर वाट बघायची नाही, फोन करून लगेच घेऊन यायचं. मग तापाच्या गोळ्यांचं पाकीट दाखवून ते म्हणाले, "ताप आधी मोजायचा. लिहून ठेवायचा. मग गोळी. उलटं करायचं नाही, नाहीतर आत काही शिजत असलं तरी आपल्याला कळणार नाही." मी मान डोलावली. मोजून लिहून ठेवणं मला कोण शिकवणार, असं मनात आलं.

मेव्हण्याचं म्हणणं होतं, आईला खुटबावलाच न्यावं. तिथं त्याची बायको दिवसभर घरात असते, शेजारणी येऊन बसतात, आईला मोकळं वाटेल. हॉस्पिटलच्या पायरीवरच मी त्याला उडवून लावलं. म्हणालो, "तुमच्याकडं गुरं, शेण, धुरळा. एक आला की दहा जण भेटायला येणार. औषधाची वेळ तरी कुणाच्या लक्षात राहणार आहे का? आमच्याकडं सगळं सिस्टिमनं होईल." तो म्हणाला, "तुमी म्हणताय तर न्या, दाजी. मी काय तुमच्याम्होरं बोलू?" मामी गाडीत बसल्या होत्या. लेकीच्या घरी दिवस काढायचे या विचारानंच त्या अवघडल्या होत्या. त्यांना कुठं जायचंय, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

शिरूरला आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच. मुलगा शिकायला बाहेर आहे, त्याची खोली मामींना दिली. माझी बायको निमोण्याच्या शाळेत शिक्षिका आहे, ती साडेनऊला जाते आणि साडेपाचला येते. माझी त्या महिन्यात दुसरी पाळी होती, अडीचला घर सोडायचं आणि येईपर्यंत सगळे झोपलेले. म्हणजे दिवसभर घरात मी आणि मामी, दोघंच. आता विचार करतो तर अंगावर काटा येतो. ज्या बाईला माझ्यासमोर पाणी मागायचंही जड जायचं, तिला मी लघवीच्या दुखण्याला माझ्या ताब्यात ठेवून घेतलं होतं.

मी तक्ता केला. कारखान्यातला आलेखाचा कागद आणला, त्यावर हिरवा पट्टा आखला, वर लाल रेघ मारली आणि फ्रिजवर चिकटवला. सकाळी आठ, अकरा आणि दुपारी दोन, अशी तीन रीडिंग. बायको म्हणाली, "संध्याकाळचं मी घेत जाईन." मी नको म्हणालो. एक थर्मामीटर आणि मोजणारा एकच माणूस असला तरच आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात, असं मी तिला शिकवलं. हा कारखान्यातला नियम आहे आणि लोखंडाच्या नगांना तो बरोबर लागू पडतो.

रविवारी सकाळी आठचं पहिलं रीडिंग शंभराच्या वर गेलं. लाल रेघेच्या वर. माझा चेहरा पडला असणार, कारण मामींनी लगेच विचारलं, "का वो? वाईट हाय का?" मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ऑपरेशननंतर एकदोन दिवस थोडा ताप राहू शकतो, गोळी द्या, परत चढला किंवा थंडी वाजली तर लगेच या. एवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. ताप म्हटल्यावर तो भडकलाच. "मी म्हणालो नव्हतो? खुटबावला ठिवलं असतं तर काय बिघाडलं असतं?" मीही आवाज चढवला. दहा मिनिटं आमचं वाजलं. भिंतीपलीकडं मामी होत्या, त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारपासून आकडे सुधारले. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी हिरव्या पट्ट्यात टिंबं मांडत गेलो आणि ती रेघेनं जोडत गेलो. मामी खाटेवरून विचारायच्या, "बरा आला का आकडा?" मी म्हणायचो, "एकदम फर्स्ट क्लास, मामी." त्या हसायच्या. आमच्या दोघांत एकवीस वर्षांत एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. मी कारखान्यात सुद्धा सांगितलं, सासूचा असा चार्ट ठेवलाय म्हणून. मोबाईलवर फोटो काढून दाखवला.

बुधवारी सकाळी साडेसातची गोष्ट. हे मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही. बायको अंघोळीला गेली होती. मी ब्रश करून स्वयंपाकघराच्या दारात आलो तर मामी ओट्यापाशी उभ्या. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात तापाच्या गोळ्यांचं पाकीट. त्यांनी एक गोळी काढून तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि पाकीट पदराआड धरलं. मग वळल्या आणि त्यांना मी दिसलो. दोनेक क्षण आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांनी पदर पुढं ओढला आणि कडेनं निघून गेल्या.

मला कळलं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? मोजायच्या आधी गोळी, म्हणजे आठचा आकडा खोटा आणि त्या गोळीच्या जोरावर अकराचाही खोटा. अशी चोरी मी बावीस वर्षं पकडत आलो होतो. पण त्या दिवशी अकरा वाजता मेव्हणा यायचा होता, त्याच्याबरोबर खुटबावची चार माणसं. मला त्याला तो तक्ता दाखवायचा होता. साडेसातला मी हा विचार केला, शांतपणे केला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आठ वाजता थर्मामीटर घेऊन गेलो. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. लिहिलं.

मेव्हणा आला, शहाळी घेऊन आला. आईच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "गार लागतंय." मी त्याला फ्रिजपाशी नेलं आणि तक्ता दाखवला. तो बिचारा हिरवा पट्टा, लाल रेघ बघत राहिला. "आमच्याच्यानं हे झालं नसतं, दाजी," तो म्हणाला. माझी छाती फुगली. मामी खाटेवर बसल्या होत्या, आलेल्या प्रत्येकाला "बरं हाय, बरं हाय" म्हणत होत्या. शहाळ्याचं पाणी त्यांनी दोन घोट घेतलं आणि बाजूला ठेवलं.

बायकोला मात्र कुणीतरी सांगितल्यासारखं कळत होतं. गुरुवारी ती म्हणाली, "संध्याकाळी आईचं अंग कढत लागतं." मी म्हणालो, गोधडीत असतात म्हणून. शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना ती चपला घालून दारातून परत आली. "अहो, आई गप्प झालीय. रात्री भाकरी तशीच ठेवली. बाथरूमलाही फार जात नाही. विचारलं तर बरं हाय म्हणते, पण मला काहीतरी वेगळंच वाटतंय." मी तिला फ्रिजकडं बोट दाखवलं. "कागद बघ. पाच दिवस ताप नाही. अशक्तपणा आहे, होणारच." ती कागदाकडं बघत उभी राहिली. तिचाही त्या कागदावर विश्वास होता, कारण तो माझ्या हातचा होता. ती गेली.

शनिवारी तिची सकाळची शाळा असते. ती साडेसहालाच निघाली. आठ वाजता मी मोजलं तर शहाण्णव पॉइंट आठ. मी खुळ्यासारखा खूश झालो. म्हणालो, "मामी, आज तर पारा चढायलाच तयार नाही." त्यांनी उत्तर दिलं नाही. श्वास जरा भराभर चालला होता. मी ते पाहिलं, पण श्वासाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

दहाच्या सुमाराला चहा घेऊन गेलो तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर खाली घसरून मांडीवर पडला होता. पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटून खांद्यावर आला होता. मला बघून त्यांनी पदर घेतला नाही. माझ्याकडं रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "अण्णा, आई कुठं गेली रं?" अण्णा म्हणजे त्यांचा भाऊ. तो वारला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

त्या क्षणी मी उचलून न्यायला हवं होतं. रिक्षास्टँड दोन मिनिटांवर आहे. पण मी तिथंच खोळंबलो. सासूला जावयानं हात लावायचा कसा, तिचा पदर कुणी नीट करायचा, रिक्षात कसं बसवायचं, असले विचार डोक्यात. शेजारणीला बोलवावं तर ती म्हणणार, तुम्ही तर म्हणत होता सगळं नॉर्मल आहे. शाळा साडेअकराला सुटते, बायको बाराच्या आत येईल, तोवर झोपू द्यावं, असं ठरवून मी गोधडी त्यांच्या अंगावर टाकली. टाकताना बोट हाताला लागलं. हात बर्फासारखा गार होता आणि कपाळावर घाम होता. दीड तास मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. त्या दीड तासात मी फ्रिजवरचा कागद दोनदा जाऊन बघितला.

बायको आली, चपला न काढताच आत गेली आणि आतून ओरडली. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी येऊन रक्तदाब बघितला. वरचा सत्तर. त्यांनी सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं, दौंडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि अँब्युलन्स बोलावली. दौंडपर्यंत बायको आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर घेऊन. त्यात रिपोर्ट होते आणि सगळ्यांत वर तो तक्ता.

आत ठेवलेली नळी दगडाच्या चुऱ्यानं तुंबली होती. वर किडनीत पू साठला होता आणि त्यातले जंतू रक्तात गेले होते. डॉक्टरांनी पाठीतून दुसरी नळी घालून तो पू बाहेर काढला. दुपारी ते आमच्याशी बोलायला आले तेव्हा मेव्हणाही पोचला होता. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. दगडाच्या पोटातच कधी कधी जंतू बसलेले असतात, लघवीच्या रिपोर्टात ते दिसतीलच असं नाही. दगड फुटला की ते मोकळे होतात. वय झालेल्या माणसाला दर वेळी ताप येतोच असंही नाही, उलट अंग गारही पडतं. गप्प होणं, खाणं सोडणं, भलतंच बोलणं, श्वास वाढणं, यातलं काहीही दिसलं तरी तो तापच समजायचा. "दोन दिवस आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं," ते म्हणाले. "आजची रात्र गेली तर बघू."

मग त्यांनी माझं फोल्डर उघडलं. तक्ता बघितला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, कारण सोमवार ते शुक्रवार टिंबं एका रांगेत बसली होती. त्यांनी मला विचारलं, "गोळी कधी द्यायचात? मोजायच्या आधी का नंतर?"

मी म्हणालो, "मी मोजायचो फक्त. गोळ्यांचं मला माहीत नाही. मामी आपापल्या घेत असतील."

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. "पाकीट मीच ठेवलं होतं आईच्या उशाला," ती म्हणाली. "दुखलं तर असावं म्हणून. माझ्या ध्यानातच आलं नाही." आणि ती रडायला लागली. मेव्हणा बहिणीकडं बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग होता आणि तो राग तिच्यावर होता. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, तुला काय माहीत." हे मी म्हणालो. बेशरमपणा याहून वेगळा काय असतो, मला ठाऊक नाही.

मामी वाचल्या. अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या, मग खुटबावला गेल्या. या वेळी कुठं न्यायचं यावर कुणी बोललं नाही. उजवी किडनी निम्म्यावर आली आहे. चालताना त्या भिंतीचा आधार घेतात. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, "जावयानं लई केलं माझं. सक्काळी उठून ताप मोजायचं, लिवून ठिवायचं." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. इकडं घरात बायको सहज बोलता बोलता थांबायची आणि म्हणायची, "ते पाकीट मी कपाटात ठेवायला हवं होतं." भांडी घासताना, वह्या तपासताना, कधीही. तीन महिने. भाऊ तिच्याशी फोनवर कामापुरतं बोलायचा. मी प्रत्येक वेळी तिला म्हणायचो, विसर आता.

कारखान्यात एकदा एका ऑपरेटरचा कागद हातात आला. आकडे एका रांगेत. मी पेन काढलं आणि मला तो प्रश्न विचारता येईना. कागद तसाच परत दिला. तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला, त्याला वाटलं साहेबांची तब्येत बरी नाही.

वैशाख पौर्णिमेला आम्ही खुटबावला गेलो. सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली. दुपारी घर शांत होतं. मेव्हणा रानात गेला होता, बायको आत चहा टाकत होती. मामी ओसरीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर. मी त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून बसलो. मला वाटलं, निदान यांच्याजवळ तरी बोलावं. मी विचारलं, "मामी, गोळी तुम्ही मोजायच्या आधीच घ्यायचात ना?"

त्या जरा लाजल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "व्हय. पयल्या दिशी आकडा वर गेला आन् तुमचं, दाद्याचं फोनवर किती वाजलं. म्हनलं, माझ्यापायी कशाला भांडणं? सकाळी एक, दुपारी मोजायच्या आदी एक, गोळी घेतली की आकडा बरा यायचा. तुमालाबी बरं वाटायचं."

मग त्या पुढं म्हणाल्या, अगदी सहज, मला धीर द्यावा तशा. "आन् तुमीबी बघितलं व्हतंच की त्या दिशी, ओट्यापाशी. मला आदी भ्या वाटलं. पर तुमी काय बोलला न्हाई. मग म्या म्हनलं, जावई शिकल्यालं हायत, कारखान्यात एवढं मोजत्यात. घेतल्याली चालत असंल, म्हणून तर गप ऱ्हायलं. मंग मी रोज निवांत घेत गेले."

आतल्या दारात बायको चहाचे कप घेऊन उभी होती. कधी आली होती, मला कळलं नव्हतं. तिनं कप खाली ठेवले, एक आईपुढं आणि एक माझ्यापुढं. स्वतःचा घेतला नाही.

मग आम्ही निघालो. ती मोटरसायकलवर मागं बसली, पण नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागचा दांडा धरला. चौफुला गेला. पारगावजवळ भीमेच्या पुलाच्या अलीकडं तिनं सांगितलं, गाडी थांबवा. मी रस्त्याच्या कडेला थांबवली. उसाचे ट्रॅक्टर नव्हते आता, रस्ता मोकळा होता. ती उतरून समोर आली.

"तुम्ही बघितलं होतं?"

"हो."

"बुधवारी? दादा आला त्या दिवशी?"

"हो."

तिनं तोंड नदीकडं वळवलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तिनं हातानं थांबवलं. मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. भांडली असती तर मी वाचलो असतो. पण ती शाळेत बाई जशी बोलते तसं, एकेक शब्द मोजून बोलली. "तीन महिने मला झोप नाही. माझा भाऊ माझं तोंड बघत नाही. आत्ता त्याला फोन लावा. माझ्यासमोर."

मी मोबाईल काढला. नंबर सापडायला वेळ लागला. तिनं सांगितलं, स्पीकरवर ठेवा. चार वेळा वाजून मेव्हण्यानं उचलला. मागं मोटरीचा आवाज येत होता, तो रानातच होता.

"बोला दाजी. पोचला का?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकून घे. शिरूरला, बुधवारी सकाळी साडेसातला, ताप मोजायच्या आधी मामींना गोळी घेताना मी बघितलं होतं. आणि आठ वाजता मी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं."